आपलीच समजा

“आपल्या दारात नोको लावू, वास सुटते. गुरुजीच्या गेटापाशी लाव. ते काई म्हनत नाईत.”

हे मी गेटाच्या आतून ऐकलं. हातात ओलं फडकं होतं आणि मी गाडीची मागची काच पुसत होते. आमचं गेट पत्र्याचं, डोक्याच्या वर जाणारं. बाहेरच्याला आतलं माणूस दिसत नाही, पण आतल्याला बाहेरचं सगळं ऐकू येतं. बोलणारे शेजारचे काका होते आणि ऐकणारा त्यांचा साळा. त्या दिवशी काकांची भाजीची पिकअप तो चालवून आला होता. गाडी मागे घेतानाचं टूं-टूं वाजलं, ब्रेक लागला आणि गेटाखालच्या फटीतून मला दोन मागची चाकं दिसली. आमच्या उतारावर, बरोबर मधोमध.

सकाळचे सात वाजून पाच मिनिटं झाली होती. वार गुरुवार. सव्वासातला आम्हाला आईला घेऊन वाशीमला निघायचं होतं.

आम्ही काही म्हणत नाही हे मला माहीत होतं, त्यामुळे ते एवढं लागलं नाही. लागलं ते वासाचं. तीन वर्षं मी समजत होते की काकांना जागा पुरत नाही. त्यांच्या घरापुढे पत्र्याचं शेड आहे, मोटारसायकल आहे, तुळस आहे, तेव्हा पिकअप मावत नसेल, नाइलाज असेल. नाइलाज नव्हता. जागा होती. त्यांना आपल्या दारात घाण नको होती, एवढंच.

काका किन्हीराजा गावाकडच्या बागायतदारांचा भाजीपाला उचलतात. पहाटे माल हर्रासाला टाकायचा, बोली आटोपली की कॅरेट परत भरायचे आणि सातच्या सुमारास घरी यायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. कॅरेट रिकामे म्हणायचे, पण तळाशी फुटलेले टमाटे असतात, पत्ताकोबीची काळी पडलेली पानं असतात, पावसाळ्यात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, हिरवा चिकट लगदा असतो. फळीच्या फटीतून त्याचं पिवळट पाणी ठिबकतं, आमच्या उतारावरून ओघळत गेटाखाली येतं आणि ऊन चढलं की त्यावर चिलटांचा थर बसतो. पूर्वी आई तिथे रोज बादलीभर पाणी मारायची. ती आजारी पडल्यावर ते काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी खराटा घेऊन ते घासत होते आणि मला वाटत होतं, मी आमचं अंगण धुते आहे.

मी फडकं बादलीत टाकलं आणि घरात जाऊन बाबांना सांगितलं की गाडी आली आहे. वास सुटते हे ऐकल्याचं सांगितलं नाही. कसं सांगायचं ते कळेना. बाबांनी चपला घातल्या आणि बाहेर गेले. गेटाबाहेर पाऊल टाकलं की बाबा आधी हसतात. ते हसू घरात कधी दिसत नाही. ओठ थोडे उघडायचे, मान थोडी खाली, जणू त्यांचीच काही चूक झाली आहे आणि ती सांगायला ते आले आहेत. ते किन्हीराजाच्या शाळेवर सोळा वर्षं मास्तर होते. त्यांच्या आवाजाने चौथीचा वर्ग गप्प बसायचा, असं अजून लोक सांगतात. तो माणूस शेजाऱ्याच्या फाटकापाशी उभा राहून म्हणत होता, “भाऊ, जरा गाडी घेता का? म्हणजे सावकाश घ्या. घाई नाही.”

घाई होती. पण घाई नाही असंच म्हणायचं असतं.

आतून काकूंचा आवाज आला की अंघोळीला गेले आहेत, आता येतीलच. साळा किल्ली देऊन पलीकडच्या टपरीवर गेला होता, आणि किल्ली काकांच्या पँटच्या खिशात होती. अंघोळीनंतर पूजा झाली. पूजेनंतर काका अंगणात आले, बाबांना बघून हसले आणि सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी तळहातावर चोळत उभे राहिले. खर्रा घोटून झाल्याशिवाय ते कुठेही जात नाहीत. चुना लावलेलं बोट त्यांनी आमच्या गेटाच्या खांबाला पुसलं. तो खांब मी रोज बघते. त्यावर कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत चुन्याची बोटं आहेत, आडवी, तिरपी, काही जुनी पिवळी पडलेली, काही ताजी. एकट्या काकांची नाहीत. गाडी तिथे उभी असली की तिच्या सावलीला चार माणसं टेकतात, आणि खांब हाताशी असतो. त्याच्या पायथ्याशी लाल पिचकाऱ्यांचा कोपरा तयार झाला आहे. तो मी धुवायचा प्रयत्न एकदाच केला. पाणी लाल होऊन माझ्या चपलेखाली आलं, आणि मी आत जाऊन ओकले.

त्या दिवशी आम्ही सात चाळीसला निघालो.

आईची मशीन आठला लागते. सोमवारी आणि गुरुवारी, आठ ते बारा. डायलिसिसच्या त्या खोलीत वेळ फार काटेकोर असते, कारण बाराला मशीन धुवायला घेतात आणि साडेबाराला दुसरा पेशंट झोपतो. आम्ही उशिरा पोचलो म्हणून दुसऱ्याला उशिरा घेत नाहीत. आमचा वेळ पुढून कापला जातो. त्या गुरुवारी आईचं वजन करता करता टेक्निशियन म्हणाला की आज साडेतीन तासच मिळतील. तो मानोऱ्याकडचा, माझ्याच वयाचा मुलगा. त्याने ते रागाने म्हटलं नाही. घड्याळ बघितलं आणि कागदावर लिहिलं.

खरं तर साडेबाराच्या पेशंटला पाहूनच मी कधी जास्त वेळ मागितला नाही. ते आसेगावकडचे एक म्हातारे आहेत. एसटीने येतात, अकरालाच येऊन बाकावर बसतात, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. माझ्या आईसाठी अर्धा तास मागायचा म्हणजे त्यांचा मागायचा. मी काका होऊ शकत नव्हते.

अर्धा तास कमी झाला की काय होतं, ते आम्हाला शनिवारी कळतं. आईच्या पावलांवर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. पैंजण काढून ठेवावे लागतात. रात्री तिला आडवं झोपता येत नाही, धाप लागते, मग तीन उशा लावून बसवावं लागतं. चार तासांत जे पाणी निघायचं ते साडेतीनात निघत नाही, त्यातलं काही तिच्या अंगात राहतं. इतकं ते सरळ आहे. बाकी कुणाच्या अंगणात गाडी लागली तर त्रास होतो. आमच्या दारात लागली की आईच्या पायांवर दिसते.

हे सगळं सुरू कसं झालं, तर एका पेढ्याने. तीन वर्षांपूर्वी काकांनी ती पिकअप घेतली, जुनीच, पण नवा रंग मारलेली. त्यांच्या घरासमोर तेव्हा नालीचं खोदकाम चालू होतं. ते पेढा घेऊन आमच्याकडे आले आणि विचारलं, “गुरुजी, दोन-चार दिवस तुमच्या गेटापाशी उभी करू का?” बाबा म्हणाले, “विचारता काय भाऊ, आपलीच जागा समजा.”

मी तेव्हा आतल्या खोलीच्या दारात उभी होते. बाबांचं ते वाक्य मला आठवतं, कारण ते आमच्याकडे सगळेच म्हणतात. पाहुण्याला म्हणतात, आपलंच घर समजा. गाय बांधायला मागितलेल्या झाडाखालची जागा असो की लग्नाच्या मांडवाला मागितलेलं अंगण, देणारा आपलीच समजा म्हणतो आणि घेणारा म्हणतो, नाई नाई, असं कसं. मग घेणारा दोन दिवसांत काम उरकतो, जागा झाडून देतो, आणि वर वाटीभर काहीतरी गोड आणून देतो. वाक्याचं दुसरं टोक घेणाऱ्याच्या हातात असतं. काकांनी ते टोक धरलंच नाही. बाबांनी जागा आपली समजा म्हटलं आणि काकांनी ती आपली समजली. नाली बुजून तीन वर्षं झाली. तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती, आई धडधाकट होती, आणि गेट दिवसात दोनदा माणसापुरतं उघडायचं. नंतर आईच्या किडन्या गेल्या, आम्ही जुनी गाडी घेतली, बाबांची नजर कमजोर म्हणून गाडी चालवायला मी शिकले. आमचं सगळं बदललं. ते एक वाक्य तेवढं जागेवर राहिलं. बाबांनी कधी चुकून विषय काढलाच तर काका चार लोकांत म्हणायचे, “गुरुजी, तुमीच म्हनलं होतं ना, आपलीच समजा?” आणि बाबा हसायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. तालुक्याच्या गावची कॉन्व्हेंट. वर्गात शिरण्याआधी दारात उभं राहून विचारायचं, पाणी प्यायला जाण्याआधी विचारायचं, दुसऱ्याचं खोडरबर घेण्याआधी विचारायचं, आणि विचारण्याची पूर्ण वाक्यं पाठ असायची. न विचारता घेणाऱ्याला काय म्हणायचं, याचं वाक्य नव्हतं. काकांसाठी मी मनात वाक्यं तयार करायचे. ती इंग्रजीत यायची, अगदी नीट, शेवटी आभार मानणारी. एकदा मोबाइलवर तसा संदेश टाइप करून ठेवला, तीन दिवस बघत राहिले, मग पुसला. मी समोर आले की काका म्हणायचे, “मॅडम, बोला ना आमच्यासंग कधी. का इंग्रजीच लागते तुमाले?” मी मान खाली घालून पायऱ्या चढायचे. मागून हसणं ऐकू यायचं. माझं बोलणं तिथे कुणी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून ते त्यांच्या टपरीवरचा एक ठरलेला विनोद झालं होतं.

एकदा मी पाटी केली. निळा रंग, पांढरी अक्षरं, दोन तास बसून काढलेली: गेटासमोर वाहन लावू नये. बाबांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाले, सुरुवातीला ‘कृपया’ टाक. जागा नव्हती तरी मी बारीक अक्षरांत टाकलं. पाटी लागली त्या सकाळी काका तिच्यापुढे उभे राहिले, मागे त्यांचे टपरीवरचे मित्र. मोठ्याने एकेक अक्षर लावत त्यांनी ती वाचली, पहिलीतल्या पोरासारखी, आणि म्हणाले, “गुरुजींनी फळा लावला बाप्पा. उद्यापासून शाळा भरते.” सगळे हसले. बाबा पायरीवर होते, तेही हसले. चौथ्या दिवशी ‘कृपया’वर पिचकारी होती. ओठांच्या उंचीवर, नेम धरून मारल्यासारखी. मी हातात पिशवी घालून पाटी काढली आणि पाण्याच्या टाकीमागे टाकून दिली. अजून तिथेच आहे.

काका वाईट आहेत असं गल्लीत कुणी म्हणणार नाही, आणि मला ते म्हणताना नेहमी अडखळायला होतं. आईच्या हातावर पहिलं ऑपरेशन होऊन, मशीनसाठी शीर तयार करून ती घरी आली, तेव्हा सगळ्यांत आधी काकाच आले. तीन शहाळी घेऊन. पलंगाशेजारी उभं राहून त्यांनी स्वतः एक फोडलं, ग्लासात पाणी काढलं आणि म्हणाले, “घ्या वैनी. ताकद येते.” किडनीच्या माणसाला नारळाचं पाणी चालत नाही. त्यातलं पोटॅशियम अंगात साचतं आणि हृदयावर जातं. टेक्निशियनने पहिल्याच दिवशी आम्हाला जे तीन-चार पदार्थ बोटांवर मोजून सांगितले होते त्यांत ते वर होतं. बाबांनी हात जोडून, पुन्हा पुन्हा, डॉक्टरांनी नाही म्हटलंय असं सांगितलं. काकांनी ग्लास खाली ठेवला. चेहरा बदलला. उरलेली दोन शहाळी ते परत घेऊन गेले, आणि आठवड्याभरात गल्लीतून आमच्यापर्यंत आलं: आमच्या हातचं पानी चालत नाई त्याइले. कुणी आईला विचारलं तर कुणी बाबांना, सगळ्यांनी गमतीत विचारलं. आईने ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर गाडी लागली की ती स्वतःच म्हणायची, राहू दे, पाच मिनिटं थांबू.

त्या गुरुवारी, साडेतीन तासांच्या मशीननंतर परत येताना, मी पहिल्यांदा आईला सांगितलं की मी काय ऐकलं. वास सुटते म्हणून आपल्या दारात लावतात. ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. मला वाटलं तिला राग येईल. तिने डोळे न उघडता म्हटलं, “तू त्याइले काई म्हनू नको. उद्या माह्यं काई झालं तं पयले तेच धावून येतीन. तुह्या बाबाच्यानं मी उचलली जानार हाय का?”

मी गाडी चालवत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं होतं. मला वाटत होतं की ती भिडस्त आहे म्हणून गप्प बसते. ती भिडस्त नव्हती. ती तिला उचलणाऱ्या खांद्यांची सोय करून ठेवत होती. त्यासाठी रोजची घाण दारात चालत होती, सुजलेले पाय चालत होते, अर्ध्या तासाने कमी झालेलं जगणंही चालत होतं. मला काकांची शिसारी येतच होती. त्या दिवशी आमच्या घराचीही आली. बाबांच्या हसण्याची, आईच्या हिशेबी गप्प बसण्याची, आणि सगळ्यांत जास्त माझी, कारण ऐकणारी मीच होते आणि तरी बादली भरून पुन्हा उतार धुवायला मीच जाणार होते.

धुतलाही. तसाच.

दोन आठवड्यांनी दसरा आला, तोही गुरुवारी. मशीनला सण नसतो. टेक्निशियनने सोमवारीच सांगितलं होतं की आठलाच या, उलट लवकर आलात तर बरं, त्यांनाही घरी जायचं असतं. मी आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांना सांगितलं की उद्या गाडी लागू देऊ नका. बाबा काकांकडे जाऊन आले. म्हणाले, सांगितलंय, सात वाजता मोकळं करून देतो म्हणाले.

सकाळी सहालाच बाहेर पाण्याचा आवाज सुरू झाला. मी गेट उघडलं. पिकअप आमच्या उतारावर उभी होती आणि काका तिला पाइपने धूत होते. आमचा उतार सिमेंटचा आहे, तिथून पाणी वाहून जातं. त्यांच्या दारात थांबतं. आठवड्याभराचा लगदा, पानं, मातीचा गाळ, सगळं आमच्या गेटातून आत येऊन आमच्या गाडीच्या चाकांशी थांबलं होतं. काका म्हणाले, “झालंच मॅडम, दहा मिन्टं.” मी आत आले. आईला तयार केलं. तिची पिशवी, चादर, बिस्किटं. सातला तिला गाडीत मागे बसवलं, काच खाली केली, इंजिन सुरू केलं आणि गेट पूर्ण उघडलं. वाटलं, उघडं गेट बघून कळेल.

पिकअपला तोपर्यंत झेंडूचा हार चढला होता. काकूंनी बोनेटवर स्वस्तिक काढलं होतं, काचेवर हळद-कुंकवाची बोटं होती, प्रत्येक चाकाखाली लिंबू होतं. गल्लीतली दहा-बारा माणसं आरतीला जमली होती. बाबा पुढे झाले, हसले आणि म्हणाले की यांना मशीनला जायचंय, थोडी पुढे घेता का. काका तबक हातात घेऊन उभे होते. त्यांनी मला उद्देशून नाही, बाबांना उद्देशूनही नाही, जमलेल्या लोकांना सांगितल्यासारखं म्हटलं, “हार घातलेली गाडी पूजेबिगर हालवत असतात का? गुरुजीले मीनं सांगाव?” लोकांनी माना हलवल्या. खरंच हलवत नसतात. बाबा मागे आले आणि गाडीच्या दाराशी हात बांधून उभे राहिले, आरतीला.

आरती झाली. मी घड्याळ बघत होते. सात सतरा. मग नारळ. चार चाकांना चार आणि समोर एक, असे पाच. काका एकेक नारळ उतारावर आपटत होते आणि काकू खाली तांब्या धरत होत्या, पाणी वाया जाऊ नये म्हणून. एका नारळाचं पाणी उडून आमच्या काचेवर आलं. सात पंचवीस. आता ते काढतील असं वाटलं तर काकूंनी प्रसादाचं ताट फिरवायला घेतलं, आणि काकांनी तांब्यातलं पाणी स्टीलच्या ग्लासात ओतलं. ग्लास काठोकाठ भरला. तो घेऊन ते आमच्या गेटातून आत आले, त्यांच्याच धुण्याच्या चिखलातून, आणि आईच्या उघड्या खिडकीशी वाकले. एक हात आमच्या गाडीच्या टपावर. त्या हाताच्या बोटाला चुना होता.

“घ्या वैनी,” ते म्हणाले. “आज तं देवाचं हाय. आज नाई म्हनू नोका.”

बाहेर सगळे बघत होते. हे सगळ्यांना माहीत होतं, ती जुनी गोष्ट. आमच्या हातचं पानी चालत नाई. सगळे थोडेसे हसत वाट बघत होते, चांगल्या मनाने, सणाचा दिवस होता, शेजारी शेजाऱ्याला तीर्थ देत होता. मी आरशातून आईकडे बघितलं. तिने बाबांकडे बघितलं. बाबा हसले, तेच हसू. आईला माहीत होतं त्या पाण्यात काय आहे. माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिने पदर डोक्यावरून सारखा केला आणि ग्लास घ्यायला हात बाहेर काढला. तोच हात, शिरेचा, कोपराजवळ फुगलेला, ज्याला कान लावला तर आत रक्त वाहण्याचं घूं-घूं ऐकू येतं. ती ते पिणार होती. घोटभर नाही, पूर्ण, सगळ्यांना दिसेल असं.

मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. पाय चिखलात गेला. गाडीला वळसा घालून काकांपर्यंत यायला चार पावलं लागली असतील. त्या चार पावलांत मी एकही वाक्य तयार केलं नाही. त्यांच्या हातातून ग्लास घेतला. त्यांना वाटलं असावं, मी आईला पाजणार आहे, कारण त्यांनी तो सहज सोडला. मी तो गाडीच्या टपावर ठेवला, त्यांच्या हाताशेजारी. त्यांनी हात काढला. बाबा म्हणाले, बेटा. बाहेर प्रसादाचं ताट फिरायचं थांबलं. माझा आवाज कसा येईल हे मलाच माहीत नव्हतं, इतक्या लोकांपुढे मी तो कधी ऐकला नव्हता. तो बारीक आला, पण आला.

“काका, बाबांनी तुम्हाला आपलीच जागा समजा म्हटलं होतं. ते मी परत घेते. जागा आमची आहे. हार असू दे, लिंबू असू दे, गाडी आत्ता काढा.”